घरातील बिनतारी इंटरनेट : दोष कोठे आहे तो आधी शोधावा

ठिबक संचाचा अर्ज असो वा अवजारांच्या अनुदानाचा, शेतकऱ्याला आता तो महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. 2025-26 या वर्षापासून ह्या योजनांत सोडतीऐवजी जो आधी अर्ज करील त्यास प्राधान्य, असे तत्त्व स्वीकारण्यात आले आहे. अशा वेळी सांकेतिक क्रमांक भ्रमणध्वनीवर आला, पण तो भरण्यापूर्वीच घरातील इंटरनेट बंद पडले, तर अर्ज राहून जातो आणि रांगेतील क्रमांकही मागे पडतो. कडेगाव तालुक्यात ही तक्रार गावठाणात होते आणि मळ्यातील वस्त्यांवर त्याहून अधिक होते.

तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते : "नेट येत नाही." त्यावर उपाय म्हणून कोणी कंपनी बदलतो, कोणी महागडा राउटर विकत आणतो. उसाची पाने पिवळी दिसली की लगेच युरिया टाकण्यासारखेच हे आहे. चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेने केवडा पडला असेल तर युरियाची मात्रा वाढवून काय साधणार? लक्षण एक असले तरी कारणे निरनिराळी असतात. इंटरनेटचेही तसेच आहे. दोष घराबाहेरच्या तारेत आहे की घरातल्या हवेत आहे, एवढे प्रथम ठरवावे.

ही परीक्षा सोपी आहे व तिला खर्च नाही. जोडणी बिघडलेली असतानाच भ्रमणध्वनीचे स्वतःचे इंटरनेट बंद करावे, फक्त वायफाय चालू ठेवावे आणि राउटरपासून दोन हातांवर उभे राहून तेच पान उघडून पाहावे. तेथे चांगले चालते व आतल्या खोलीत चालत नाही, तर दोष घरातला आहे. राउटरजवळही चालत नसेल, तर बाहेरची तार, वीज किंवा स्वतः राउटर यांपैकी एकात बिघाड आहे. घरात संगणक असल्यास तो तारेने राउटरला जोडून पाहावा; म्हणजे निदान अधिक पक्के होते.

घरातील दोषाचे मूळ बहुतेक वेळा राउटरच्या जागेत सापडते. तार ज्या खिडकीतून आत आली तेथेच, बहुधा दाराच्या कोपऱ्यात, राउटर टांगलेला असतो. आपल्याकडील जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. त्यांतून लहरी क्षीण होऊनच पलीकडे जातात. लोखंडी कपाट, पत्रा आणि पाण्याची टाकी ह्यांची आड तर त्याहून वाईट. राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर व मोकळा ठेवावा. कपाटात किंवा दूरदर्शन संचामागे तो ठेवू नये. बहुतेक राउटरवर 2.4 व 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्या असतात. पहिली दूर पोचते पण मंद असते. दुसरी वेगवान असते, पण भिंतीपुढे लवकर दमते. म्हणून आतल्या खोलीत पहिली व राउटरच्या खोलीत दुसरी वापरावी. शेजाऱ्यांच्या राउटरची अडचण मुख्यतः दाट पेठेत जाणवते. वस्तीवर तिचा विचार करण्याचे फारसे कारण नाही.

वस्तीवरची अडचण वेगळी आहे. ताकारी व टेंभू योजनांचे पाणी फिरल्यापासून येथे उसाचे क्षेत्र वाढले आणि गावातल्या घरापासून मळ्यातल्या वस्तीपर्यंत बिनतारी जोडणी नेणाऱ्यांच्या वाटेत हा ऊस उभा राहिला. जोडणी बसविली तेव्हा रान मोकळे होते, म्हणून ती उत्तम चालली. पुढे आडसाली ऊस डोक्यावर गेला आणि जोडणी तुटू लागली. पाऊस पडून गेल्यावर तर ती मुळीच लागेना. यंत्र बिघडले असे समजून मालक ते बदलतो. ऊस तुटून जातो, जोडणी सुधारते आणि नव्या यंत्राला श्रेय मिळते! वास्तविक ओली पाने ह्या लहरी शोषून घेतात. समोरचे टोक नुसते डोळ्यांना दिसणे पुरेसे नाही. 300 मीटर अंतर असेल तर मध्यावर लहरींच्या वाटेखाली सुमारे 2 मीटर मोकळी जागा लागते. ऊस साडेतीन मीटर वाढणार असेल, तर दोन्ही टोकांचे खांब जमिनीपासून सहा मीटरांच्या आसपास असावेत. उंची मोजताना आजचे पीक धरू नये, तोडणीच्या वेळचे धरावे.

दोष बाहेरचा ठरल्यास राउटरवरील दिवे पाहावेत. काचेच्या तारेची जोडणी असलेल्या यंत्रावर तारेचा दिवा तांबडा झाला म्हणजे प्रकाश आत पोचत नाही. तार कोठे दबली, मोडली किंवा उंदराने कुरतडली आहे का ते पाहावे. बांगडीपेक्षा लहान वेटोळे करून ती खिळ्याला अडकवू नये. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहणे धोक्याचे आहे. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दिवे मध्येच विझून सर्व पुन्हा सुरू होत असतील तर संशय विजेवर घ्यावा. दाब कमी झाला किंवा ॲडाप्टर जुना झाला की असे होते. नवा ॲडाप्टर घेताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक असावेत. लहान बॅटरी जोडल्यास वीज गेल्यावरही राउटर काही तास चालतो, कारण त्यास फार थोडी वीज लागते. वळवाच्या दिवसांत कडकडाट सुरू होण्यापूर्वी ॲडाप्टर भिंतीतून काढावा.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करण्यास हरकत नाही. परंतु मागील बारीक छिद्रात काडी घालून दाबू नये. त्याने कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते व माणूस येईपर्यंत घर बंद राहते.

तक्रार करण्यापूर्वी आठवडाभर वहीत नोंद ठेवावी : दिवस, वेळ, वीज होती की नव्हती, दिव्यांचा रंग, राउटरजवळ चालत होते की नाही. रोज रात्री आठच्या सुमारास वेग घटतो व पहाटे सुधारतो असे दिसले, तर एकाच तारेवर ग्राहकांची गर्दी झाल्याचा तो पुरावा समजावा. घरातील राउटर हलवून तेथे काही उपयोग नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन-चार घरांच्या नोंदी एकत्र पडताळल्यास, बिघाड एका घराचा की साऱ्या आळीचा हे लगेच कळेल. तक्रार नोंदविताना कंपनीकडून तक्रार क्रमांक अवश्य मागून घ्यावा. मुदतीत दाद न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तेथे हाच क्रमांक विचारला जातो.