हेडफोन : गुणवत्ता व सुखावहता
कानांवर बसवून ध्वनी ऐकविणारे लहान ध्वनिक्षेपक म्हणजे हेडफोन. कानात बसणाऱ्या प्रकारास इअरबड म्हणतात. त्यांची पारख करताना सर्व कंप्रतांमधील समतोल पाहतात : डग्ग्याची घुमार व तंबोऱ्याचा झंकार दोन्ही स्पष्ट ऐकू यावेत. मोठा आवाज अधिक चांगला भासतो. म्हणून तुलनेच्या वेळी दोन्ही संचांचा आवाज सारखा ठेवतात. संच सैल बसल्यास खर्ज गळतो, बाहेरील गोंगाट आत शिरतो व ऐकणारा आवाज वाढवितो. अतिघट्ट बसल्यास कान दुखतात. छत्रपती संभाजीनगर येथील आकाशवाणीसारख्या केंद्रात हेडफोन दीर्घकाळ लावावा लागतो. तेथे वजन व दाब यांना विशेष महत्त्व असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना ८० डेसिबेल ध्वनी आठवड्यात ४० तास, तर ९० डेसिबेल केवळ ४ तास सुरक्षित असतो. म्हणून नीट बसणारा व मंद आवाजातही स्पष्ट ऐकविणारा संच उत्तम होय.