वस्तरा, जुना : मूल्यपरीक्षा

घडीच्या मुठीत मिटणारे, एकसंध पोलादी पात्याचे श्मश्रूसाधन म्हणजे वस्तरा. सुटी पाती बसविण्याचे सुरक्षित वस्तरे १९०३ पासून विक्रीस आले आणि पुढे नाभिकांच्या धोकटीतही बदलत्या पात्याचा वस्तरा रूढ झाला. त्यामुळे जुना एकसंध वस्तरा वापरातून जवळजवळ गेला असून तो आता अडगळीत, जुन्या बाजारात किंवा भंगारात आढळतो. तेथे त्याची किंमत बहुधा चुकीचीच होते : एक तर तो लोखंडाच्या भावाने जातो, नाहीतर केवळ ‘शंभर वर्षांचा’ म्हणून अवाच्या सवा दराने विकला जातो.

खानदेशात अशा वस्तूंचा संभव विशेष आहे. भुसावळ हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मोठे केंद्र होते व तेथे यूरोपीय आणि अँग्लो-इंडियन कर्मचार्‍यांची वस्ती होती. भुसावळ–दीपनगर पट्ट्यातील एखाद्या भंगाराच्या दुकानात शेफील्डचा वस्तरा निघाला, तर त्यात नवल नाही. मात्र शेफील्ड (इंग्‍लंड) व झोलिंगेन (जर्मनी) येथील कारखान्यांतून वस्तरे फार मोठ्या संख्येने बाहेर पडत. म्हणून नुसत्या वयाला मोल नाही. मोल आहे ते प्रथम पोलादाच्या अवस्थेला.

परीक्षा धारेपासून सुरू करावी. वस्तर्‍याच्या पोलादात सु. एक टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असतो. त्यामुळे ते कठीण, पण ठिसूळ व गंजणारे असते. पात्याच्या अंगावरील काळपट छटा किंवा वरवरचा तांबूस गंज हा मोठा दोष नव्हे. धारेलगत गंजाने पाडलेली खळी मात्र घातक होय. निसण्यावर (धार लावण्याच्या दगडावर) पाते घासत गेले, की ती खळी धारेपर्यंत पोहोचते व तेथे दाता पडतो. केसाएवढी चीर गेलेले पाते वापराच्या दृष्टीने निरर्थकच समजावे. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहावे लागते. यानंतर पात्याची झीज पाहावी. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच-अष्टमांश व सहा-अष्टमांश ही मापे नेहमीची. वर्षानुवर्षे घासून पाते अरुंद होते, त्याच्या पाठीवर रुंद सपाट पट्टा उमटतो आणि निष्काळजी हाताखाली धार मध्यभागी आत वळते. हा शेवटचा दोष काढायचा, तर बरेच पोलाद खर्ची पडते.

काळ ठरविण्यासाठी पात्याचा आकार व पात्यामागील दांड्यावरील ठसा उपयोगी पडतात. अठराव्या शतकातील वस्तर्‍यांना मागील शेपूट अगदी आखूड असे; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते लांबले. जुनी पाती पाचरीसारखी जाड. दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेली पातळ पाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. राजमुकुटाखाली ‘डब्ल्यू. आर.’ असल्यास काळ १८३०–३७, ‘व्ही. आर.’ असल्यास १८३७–१९०१. परंतु अशी अक्षरे राजघराण्याशी संबंध सिद्ध करीत नाहीत. जोसेफ रॉजर्स यांचा तारा व माल्टा-क्रूस, वुस्टनहोम यांचे ‘आय एक्स एल’, हेंकेल्स यांची जुळ्यांची आकृती हे ठसे संग्राहकांना परिचित आहेत. ब्रिटनमध्ये १८८७ व हिंदुस्थानात १८८९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्यांमुळे आणि अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे मालावर देशनाम घालण्याची प्रथा वाढली. त्यामुळे ‘जर्मनी’ हा शब्द असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. याचा व्यत्यास खरा नाही. देशनाम नसणे हा प्राचीनत्वाचा पुरावा होत नाही. नामांकित ठसे खोटेही घालीत, हेही ध्यानात ठेवावे.

मूठ शिंग, हाड, हस्तिदंत, कासवाची पाठ, एबोनाइट किंवा सेल्युलॉइड यांची असते. सेल्युलॉइड दिसायला हस्तिदंतासारखे, पण घासल्यास त्याला कापराचा वास येतो. ते कुजू लागले म्हणजे त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात व मिटलेले पाते आतल्या आत गंजते. अशी मूठ पात्यापासून वेगळी ठेवावी. खर्‍या हस्तिदंताच्या मुठीने परदेशी बाजारात किंमत वाढत असली, तरी भारतात गणित उलटे होते. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हस्तिदंताचा व्यापार, मग तो आफ्रिकी का असेना, निषिद्ध आहे. शिवाय ऐतिहासिक महत्त्वाच्या शतायू वस्तूला पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो. तेव्हा ती परदेशी पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अभिप्राय घेणे आवश्यक ठरते.

मूळ खोके व आठवड्याच्या सात वारांचा पूर्ण संच यांनी मोल वाढते. सातांतील एक जरी हरवला, तरी ते बरेच उतरते. वस्तूमागची हकीकत कागदोपत्री असेल, तरच मोजावी. उदा., १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्या काळचा, एखाद्या नाभिक कुटुंबात नोंदीसह जपलेला साधा वस्तरा संग्रहालयाला रॉजर्सच्या कोर्‍या नगापेक्षा अधिक मोलाचा वाटेल. नोंद नसेल, तर ती केवळ विक्रेत्याची गोष्ट होय.

सर्वांत जास्त हानी घेणाराच करतो. चकाकी आणण्यासाठी पाते यांत्रिक चाकावर धरले, की पातळ धार क्षणात तापते. सु. ३०० °से. ला निळसर छटा उमटते, तेव्हा पोलादाचा कठीणपणा उतरलेला असतो. ठसा व सोनेरी नक्षीही पुसली जाते. तज्ञाला दाखविण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून पात्याला खनिज तेलाचा हात देण्यापलीकडे काही करू नये. दाढीसाठी वापरायचाच असल्यास पात्याचे निर्जंतुकीकरण अवश्य करावे, कारण अशा धारेवाटे यकृतशोथासारखे रोग पसरू शकतात. उकळत्या पाण्याने शिंगाची वा सेल्युलॉइडची मूठ वाकडी होते. त्यामुळे जंतुनाशकाचा वापर पात्यापुरताच ठेवणे इष्ट.