घरच्या हापुसाचें आइसक्रीम

हंगाम सरतां सरतां अति पिकलेला हापूस दलाल मातीमोलानें मागतो. तें फळ त्यास देण्यापेक्षां त्याचें आइसक्रीम घरींच करावें, असें आम्ही बागाईतदार बंधूंस सुचवितो.

१ लिटर दूध आटवून निम्में करावें. तें पुरतें निवल्यावरच अर्धा किलो गर घालावा. ऊन दूध फाटण्याचा संभव असतो. थंडीनें गोडी कमी लागते, सबब साखर किंचित् अधिक असावी. मिश्रण घुसळतांना फुगतें, म्हणून पॉट दोन-तृतीयांशच भरावें. भोंवतीं ४ भाग बर्फाचा चुरा व १ भाग जाडें मीठ थरांनीं घालावें. मिठाच्या योगानें बर्फ शून्य अंशाखालीं वितळतो व दुधांतील उष्णता ओढून घेतो. नुसत्या बर्फानें तें गोठत नाहीं. खारें पाणी आंत शिरूं देऊं नये. दांडा जड झाला म्हणजे आइसक्रीम तयार समजावें.

वर्षभर राबून पिकविलेल्या फळाचें शेवटचें मोल तरी आपल्याच घरीं ठरावें.