खाणीच्या तालुक्यात आईचं दूध

गैरसमज: मातीत-पाण्यात जे असतं, ते सगळं आईच्या दुधात उतरतं.

वस्तुस्थिती: भंडारा जिल्ह्यात ही शंका साहजिक आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. पण आईचं दूध म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे. स्तनातल्या पेशी रक्तातून खनिजं निवडून घेतात. दुधात मँगनीज सहसा लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच असतं, गाईच्या दुधापेक्षाही कमी. आई फ्लोराइडचं पाणी पीत असली तरी दुधात ते अगदी थोडं येतं.

खरी काळजी वेगळीच. मे महिन्यात ‘लेकराला तहान लागली असेल’ म्हणून बोअरचं पाणी चमच्यानं पाजतात, नाहीतर त्यात पावडरचं दूध कालवतात. मग स्तनातल्या पेशींची ती मधली निवड उरतच नाही. जास्तीचं मँगनीज पित्तावाटे बाहेर टाकण्याइतकं तान्ह्याचं यकृत तयार नसतं. आणि तहानेचं म्हणाल तर आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पहिले सहा महिने, अगदी विदर्भाच्या उन्हाळ्यातही, तेवढं पुरतं.

गैरसमज: बाळंतिणीला जे चाराल ते दुधात येतं.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं. कॅल्शियम, लोह, जस्त आईच्या ताटावरून फारसं हलत नाही. कॅल्शियम तर तिच्या हाडांतूनही काढलं जातं. अंगावरचं दूध तुटल्यावर हाडं बहुधा भरून येतात. म्हणजे बाळंतिणीला खाऊ घालायचं ते आधी तिच्यासाठी, हे घरच्यांनी कबूल करावं. आयोडीन मात्र तिच्या खाण्यावरच ठरतं. पथ्याच्या नावाखाली आयोडीनच्या मिठाऐवजी नुसतं सैंधव देणं बरं नव्हे.

गैरसमज: आईच्या दुधात लोह कमी, म्हणून गाईचं दूध सुरू करावं.

वस्तुस्थिती: लोह कमी असतं खरं, लिटरमागे जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम, पण ते चांगलं शोषलं जातं. शिवाय बाळ पोटातून साठा घेऊन येतं. नाळ १ ते ३ मिनिटं थांबून कापली तर तो आणखी वाढतो. गाईच्या दुधातही लोह कमीच, वर कॅल्शियम सुमारे चौपट, आणि ते लोहाच्या आड येतं.

सहा महिन्यांनी साठा आटत जातो. तेव्हा भाताची पेज आणि वरणाचं पाणी पुरत नाही. घट्ट वरण, अंडं, आणि या तलावांच्या जिल्ह्यात काटे काढून कुस्करलेली मासोळी हवी. स्तनपान चालूच ठेवायचं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोहाचं औषधही असतं: आठवड्यातून दोनदा, १ मिलि. ते आशाताईंकडे मागावं.