दोन वर्षांचा साहेब

डाळिंबावर तेल्या आला आहे का, हे पाहताना मी पान तोडतो, उन्हाकडे धरतो, एक डोळा मिटून बघतो आणि मग मान हलवतो. पंचवीस-तीस वर्षांची ही सवय. ती किती गमतीदार दिसते, हे मला इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर कळले. त्या घरचा दोन वर्षांचा नातू माझ्या मागोमाग बागेत आला. त्याने हाताला येईल ते खालचे पान ओरबाडले आणि दोन्ही हातांनी उन्हाकडे धरले. एकच डोळा मिटणे काही जमेना, म्हणून त्याने दोन्ही मिटले. मिटल्या डोळ्यांनीच पान नीट तपासून त्याने मान हलवली आणि निकाल दिला, "लोग!"

आजी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही येऊन गेला की दोन दिस ह्येच चालतंय त्याचं. तुळशीला रोग, गवताला रोग. मागं तर माझ्या भाकरीला रोग सांगितला."

वाचकहो, तुमच्या घरात या वयाचे पोर असेल तर असले किस्से तुमच्याकडे पोत्याने असतील. मक्याचे बुरकुंड कानाला लावून "हॅलो" म्हणणारे, आजोबांच्या चपला उलट्या घालून उंबऱ्यावर अडखळणारे, गाय, म्हैस आणि शेजारचे बैल या सगळ्यांना एकच "हम्मा" म्हणणारे. दोन वर्षांच्या सुमारास पोर दोन-दोन शब्द जोडू लागते. "दूद दे", "बाबा गेला", एवढ्यावर त्याचा सगळा संसार चालतो. त्यातही "नको" आणि "माजं" हे दोन शब्द त्याला फार प्रिय. भूक लागलेली असली तरी आधी "नको" म्हणणार आणि मग ताटलीवर झडप घालणार.

बारामतीकडच्या एका शेतकऱ्याने मला त्याच्या ठिबकची गोष्ट सांगितली. आजोबा दर सकाळी दुसऱ्या प्लॉटचा कॉक फिरवून पाणी सोडत आणि चहाला घरी येत. दोन दिवस त्या प्लॉटला पाणीच पोहोचले नाही. फिल्टर धुतला, नळ्या तपासल्या, मोटारीवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी चोर सापडला. आजोबांची पाठ वळली की नात दुडूदुडू जाऊन तो कॉक पुन्हा फिरवत होती आणि आजोबांसारखेच कमरेवर हात ठेवून उभी राहत होती.

पोर हे त्रास द्यावा म्हणून करत नाही. घरातली माणसे जे करतात तेच काम, आणि तेच त्यालाही करायचे असते. त्याला बाजारातले खेळणे दिले तर ते घटकाभर खेळते आणि पुन्हा तुमच्या खुरप्याकडे येते. ही गोष्ट ज्यांनी नीट ओळखली त्यांत एक बाई आपल्याच भागातल्या. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा, बारामती तालुक्यातल्या मोरगावचा. ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. बाळ शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, आणि खेळणी म्हणून महागडी साधने न आणता बिया, शंख, खडे, पाने अशा भोवतालच्याच वस्तू घ्याव्यात, असा त्यांचा परिपाठ होता. अंगणवाडी हा शब्द तिथलाच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. मला त्यात थोडी लाज वाटते.

त्याच डाळिंबाच्या वस्तीवर पुढच्या खेपेला गेलो तेव्हा फवारणी चालू होती आणि पंपाचे नोझल तुंबले होते. नोझल तोंडाने फुंकू नका, हे मी शेतकरी मेळाव्यांतून किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. पण त्या दिवशी घाई होती, ऊन चढत होते. मी नोझल काढले, धोतराला पुसावे तसे रुमालाला पुसले आणि जोरात फुंकले. मोकळे झाले. कोणी काही बोलले नाही.

आठ-दहा दिवसांनी आजींचा फोन आला. पोराने गोठ्याच्या कट्ट्यावरचे सुटे नोझल उचलून तोंडाला लावले होते आणि गाल फुगवून फुंकत होते. त्यांनी झडप घालून काढून घेतले, तोंड-हात धुतले आणि नोझलसह पोराला दवाखान्यात नेले. नोझल धुऊन वाळवलेले होते म्हणून निभावले. "साहेब, तुम्हीच शिकवलं त्याला," असे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरे वाटले असते.

औषधाच्या डब्यावरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा दिसला म्हणून काही जण निर्धास्त होतात. पण विषाचा हिशेब वजनावर असतो. जो घोट साठ किलोच्या बापाच्या पोटात जाईल, तोच बारा किलोच्या पोराच्या पोटात गेला तर त्याला पाचपट लागतो. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. त्या बाटलीतून पोराने काल गोड पाणी प्यायलेले असते, आज त्याने का पिऊ नये? औषध त्याच्या मूळ डब्यातच, कुलपात आणि घराबाहेर असू द्या. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात घ्या आणि डब्याला भोक पाडा, म्हणजे कोणी त्यात दूध-तेल भरणार नाही. कधी प्रसंग आलाच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, तोंड-हात धुवा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. डबा मात्र बरोबर न्या. विष कोणते हे त्यावरूनच डॉक्टरांना लवकर कळते.

पाण्याचेही असेच. निरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात चारी दारातून जाते, आणि जिरायती भागात आता प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. त्या कागदावरून मोठा माणूसही वर येऊ शकत नाही, इतका तो निसरडा असतो. कुंपण घाला, आणि कडेला दोर व हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. दोन वर्षांच्या पोराचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते अर्ध्या भरलेल्या बादलीतही वाकले की उलटे जाते आणि आवाजसुद्धा होत नाही.

आणखी एक, ऊसवाल्यांसाठी. गाळपाच्या दिवसांत टोळीतली लहान पोरे फडातच असतात. अंगणवाडीत तीन वर्षांपासूनची मुले बसतात. दोन वर्षांच्या पोराला तिथून शिधा मिळतो, पण दिवसभराची जागा मिळत नाही. ते पाचटात झोपते, आणि ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला पाचटातले पोर दिसत नाही. फड तुमचा आहे, तेव्हा ट्रॅक्टर हलण्याआधी "पोरे कुठे आहेत?" हे तुम्ही विचारा. आपल्या वस्तीवर एक सावलीची जागा आणि प्यायचे पाणी दिलेत तर टोळीतली एखादी आजी तिथे सगळी पोरे धरून बसेल.

त्या डाळिंबवाल्यांकडे मी परवा पुन्हा गेलो होतो. या वेळी जुना दात घासायचा ब्रश खिशात घालून नेला. घमेल्यात पाणी घेतले, हातमोजे चढवले आणि सगळ्यांसमोर नोझल ब्रशने घासून धुतले. तारेने टोकरू नये, भोक मोठे होऊन औषध जास्त पडते, तेही सांगितले. पोर आईच्या कडेवरून एकटक बघत होते. नोझल, ब्रश, घमेले सगळे उचलून पेटीत ठेवले, तसे त्याने रडून आकाशपाताळ एक केले. शेवटी आजींनी घरातला एक नवा ब्रश आणि तांब्याभर पाणी दिले. मी चहा पिऊन बाहेर आलो तेव्हा ओसरीवर माझा उजवा बूट आतून-बाहेरून घासून झाला होता, आणि डाव्याकडे बोट दाखवून साहेब म्हणत होते, "लोग!"