बीजाची घाई
शरीराबाहेर फलन घडविण्याच्या उपचारांत, औषधांनीं वाढविलेलीं स्त्रीबीजें वैद्याच्या हातीं येण्यापूर्वींच अंडाशयांतून निसटलीं, तर सारे श्रम व पैसा वायां जातो. दोष स्त्रीचा नव्हे. बीज भरत आलें, कीं मेंदूखालची पियूषिका ग्रंथि ‘एल्. एच्.’ नामक रस एकाएकीं सोडते आणि सुमारें ३६ तासांनीं बीज सुटतें. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत १९८६ सालीं डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारानें ‘टेस्ट ट्यूब’ बालक जन्मलें, तेव्हां सेट्रोरेलिक्स उपलब्ध नव्हतें. हें औषध त्या ग्रंथीस मेंदूचा निरोपच पोंचूं देत नाहीं. मात्र ०.२५ मिलिग्रॅमची सुई रोज त्याच वेळीं हवी. वाशीमहून अकोल्यास खेपा घालणाऱ्या स्त्रीनें, एस्. टी. चुकली तरी, ती चुकवूं नये. त्वचेखालीं टोचावयाची ही सुई, नीट शिकून घेतल्यास, घरींही घेतां येते. बीजें पक्व झालीं, कीं निराळी सुई देऊन वैद्य तीं ठरल्या वेळीं काढून घेतात.