सोबत्याची पारख

यवतमाळच्या बाजारात कापसाची गाडी आली म्हणजे जाणता व्यापारी वरचा पांढराशुभ्र थर पाहून भाव बोलत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, तळचा पुंजका उपसतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणतो, आणि धागा किती लांब निघतो, ओल किंवा कवडी लागली आहे काय, याची खात्री पटल्यावरच तोंड उघडतो. ख्रिस्ती सेवाकार्यात सोबती निवडावयाचा असेल, तर पारख अशीच खोलवर हात घालून केली पाहिजे, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते.

याच यवतमाळात १९५३ साली, फ्री मेथडिस्ट मिशनच्या मराठी बायबल-शाळेतून यूनियन बिब्लिकल सेमिनरी उदयास आली; आणि १९८३ मध्ये ती पुण्यास बिबवेवाडीला जाईपर्यंत, निरनिराळ्या पंथांचे, प्रांतांचे व भाषांचे तरुण सेवेच्या तयारीसाठी या कापूसपट्ट्यात एकत्र राहत असत. अशा सहवासाचे मोल पदवीहून कमी नाही. कारण व्यासपीठावर ज्याची वाणी रसाळ वाटते, तो आजारी सोबत्याच्या उशाशी बसतो की नाही, आणि आपली चूक दाखविली असता रागावतो की विचार करतो, हे एका छपराखाली राहिल्यावाचून उमगत नाही.

सहवास ही पहिली कसोटी; दुसरी हिशेबाची. यहूदियातील गरिबांसाठी वर्गणी जमली, तेव्हा पौलासारख्या प्रेषितानेही ती एकट्याने हाताळली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला बंधू त्याने धाडला, कारण व्यवहार देवाच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने निर्मळ असावा, अशी त्याची तळमळ होती. उपासना आटोपल्यावर अर्पण दोघांनी मिळून मोजावे आणि जमाखर्चाच्या वहीत दोघांनीही सही करावी, या साध्या रिवाजात अविश्वास नसून परस्परांच्या अब्रूचे रक्षण आहे.

परंतु पारख कठोर असली, तरी ती कायमचा निवाडा होऊ नये. सेवेच्या प्रवासात पंफुल्यातून माघारी गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर घ्यावयाचे की नाही, यावरून पौल व त्याचा सहप्रवासी बर्णबा यांचा एवढा तीव्र मतभेद झाला की बर्णबा मार्काला घेऊन कुप्राकडे गेला आणि पौलाने सीलाची निवड केली. तथापि पुढे बंदिवासात, सहकारी देमास सोडून गेला असता, त्याच पौलाने मार्काला घेऊन ये, तो सेवेस उपयोगी आहे, असे तीमथ्याला कळविले. बर्णबाने ज्याला टाकून दिले नाही, तोच अखेर पौलाच्याही कामी आला.

म्हणून सोबती शोधणाऱ्याने प्रथम आपली गाडी उघडी ठेवावी: कोणी तळापर्यंत हात घातला, वही मागितली, उणीव दाखविली, तरी ज्याच्या कपाळाला आठी पडत नाही, त्यालाच दुसऱ्याची पारख करण्याचा अधिकार पोहोचतो.